चोवीस सेल, छत्तीस आरे

सकाळी ६.३०
शटर अर्ध्यावर अडकतं. मिस्तरी खांदा लावून ते वर ढकलतात. अकोल्यात टिळक रोडच्या मागच्या गल्लीतलं दुकान. दहा बाय बारा. पाटीवर 'सायकल रिपेरिंग', बाकी काही नाही. वडिलांच्या काळी इथून तासाच्या भाड्यानं सायकली जायच्या. आता भाड्याची सायकल कोणी मागत नाही. हवा भरायचा पंप मात्र तेव्हाचाच, आणि अजून चोख चालतो.

मधोमध एक निळी सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी आहे. २६ इंची, लोखंडी फ्रेम, मागचं चाक काढलेलं. एका पोराची शाळेतली सायकल. पोरगा पुण्याला नोकरीला लागला, सायकल चार वर्षं जिन्याखाली पडून होती. आता ती त्याच्या बापासाठी बॅटरीवर चालणारी होते आहे. बाप एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये मशीनवर आहे. घर डाबकी रोडला. जाताना नऊ किलोमीटर, येताना नऊ. दोन ऑटो बदलून रोजचे साठ रुपये जातात.

मिस्तरी भिंतीवरची वही काढतात. नवीन सायकल करायला घेतली की एक पान. या पानावर लिहिलंय : वजन ७४. किमी ९ + ९. डबा, कधीमधी दहा किलो दाळ. चार्जिंग घरी, जिन्याखाली. उजवा गुडघा दुखते. पुढची सगळी सायकल या पानावरून होते. मोटर किती, बॅटरी किती, थ्रॉटल लावायचं की नाही, सीट किती वर घ्यायची. पुण्यात ई-सायकलींचे कारखाने आहेत, इमोटोराडसारखी कंपनी तिथलीच. त्यांच्या तयार सायकली दिसायला देखण्या असतात. पण उजव्या गुडघ्याचा रकाना फक्त या वहीत आहे.

सकाळी ६.५०
मिस्तरी हातातलं घड्याळ काढतात. बोटातली अंगठी काढतात. दोन्ही शर्टाच्या खिशात. टेबलावर रबराची चटई, खाली वाळूची बादली. चटईवर चोवीस सेल.

एक सेल बत्तीस मिलिमीटर जाड आणि सत्तर लांब. वजन दीडशे ग्रॅमच्या आत. लिथियम फेरो फॉस्फेटचे, धंद्यात त्याला एलएफपी म्हणतात. दुसऱ्या जातीचे सेल येतात, एनएमसी. ते हलके आणि लहान असतात, तेवढ्याच जागेत जास्त ताकद मावते. मिस्तरी ते घेत नाहीत.

"ते पेटले तं लवकर पेटतात," ते सांगतात. "आपल्या इथं मे महिन्यात सायकल मिलबाहेर उन्हात उभी राह्यते दिवसभर. हे जड आहेत, पण थंड डोक्याचे आहेत."

एलएफपी सेल बिघडून आपोआप तापत जायला एनएमसीपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि चार्जिंगच्या फेऱ्याही तो जास्त सोसतो. अकोल्यासाठी हाच सेल बरोबर, असं मलाही वाटतं. किलो-दीड किलो वजन वाढलं तर वाढलं.

रात्रीच त्यांनी एकेका सेलचं व्होल्टेज मोजून स्केचपेननं अंगावर लिहून ठेवलंय. ३.२८, ३.२८, ३.२९. एक ३.२१चा निघाला, तो बाजूला काढला आणि जादाच्या दोनातला एक घेतला. प्लॅस्टिकच्या जाळीत सेल बसतात. दोन-दोनची जोडी, अशा बारा जोड्या ओळीनं. जोडीमुळे अँपिअर-अवर दुप्पट होतात, सहाचे बारा. ओळीमुळे व्होल्टेज वाढत जातं, ३.२ गुणिले बारा, म्हणजे ३८.४. बाजारात याला छत्तीस व्होल्टची बॅटरीच म्हणतात.

आता निकेलची पट्टी. आठ मिलिमीटर रुंद, कागदाएवढी पातळ. पट्टी सेलच्या तोंडावर ठेवायची, स्पॉट वेल्डिंगच्या दोन तांब्याच्या सुया वर टेकवायच्या, पायानं पेडल दाबायचं. टक्. पट्टीवर दोन बारीक ठिपके. पुन्हा टक्. सेलच्या प्रत्येक तोंडावर चार ठिपके तरी हवेत. चोवीस सेल, अठ्ठेचाळीस तोंडं. दोनशेच्या आसपास ठिपके होतात. सोल्डर करून का नाही जोडत? सोल्डरची उष्णता सेलच्या आत उतरते आणि सेल मरतो. वेल्डिंगची उष्णता क्षणात येते, क्षणात जाते.

"एवढ्या सकाळी कायले बसता?" मी विचारतो.

"आता होल्टेज भरून हाय. नऊनंतर गल्लीत कूलर चालू होतात. मंग टाका कच्चा बसते."

पहिल्या चार ठिपक्यांनंतर ते थांबतात. एक फुटका सेल त्यांनी याच कामासाठी ठेवलाय. त्यावर तीच पट्टी, तेच ठिपके. पकडीनं पट्टी ओढतात. पट्टी फाटते, ठिपके सेलवर तसेच राहतात. हे बरोबर. पट्टी अख्खी सुटून आली असती तर वेल्डिंगचा जोर वाढवावा लागला असता. मग पुढचा पाऊण तास दुकानात बोलणं नाही. टक्, टक्, टक्.

सगळ्यात नाजूक काम यानंतरचं. बॅटरीला बीएमएस नावाची एक पट्टी लागते, बोटाएवढ्या जाडीची. ती बारा जोड्यांवर नजर ठेवते. एखादी जोडी जास्त भरली, जास्त रिकामी झाली, कुठं शॉर्ट झालं की पुरवठा तोडते. त्यासाठी तेरा बारीक वायरी ठरलेल्या ओळीनं जोडाव्या लागतात. एक जरी मागेपुढे झाली तर पट्टी जळते. नऊशे रुपये गेले. म्हणून कनेक्टर बीएमएसमध्ये खुपसण्याआधी मिस्तरी मल्टीमीटरनं एकेक वायर मोजतात. आकडे मी लिहून घेतो.

"तीन पॉइंट अठ्ठावीस. सहा पॉइंट छप्पन. नऊ पॉइंट चौऱ्याऐंशी..."

प्रत्येक पायरीला तेवढीच भर. शेवटचा आकडा ३९.३६. मगच कनेक्टर आत जातो.

सकाळी ८.१५
चहा. दहा रुपये ग्लास, आम्ही तिघं. तिसरा म्हणजे नुकताच आलेला हाताखालचा पोरगा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, सुट्टीत इथं येतो. रोज तीनशे. मिस्तरींना तो उस्ताद म्हणतो. पेपर टाकणाऱ्या पोराचं पंक्चर निघतं, तीस रुपये. एका दूधवाल्याची चेन उतरलेली. तिचे पैसे नाहीत.

बॅटरीला जाड कागद गुंडाळून वर निळी प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. गरम हवेच्या गननं ती आक्रसून घट्ट बसते. चार्जर लागतो. लाल दिवा. बॅटरी टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चार्जिंग चालू असताना दुकानातून दोघंही एकाच वेळी बाहेर जात नाहीत, हा इथला नियम आहे.

सकाळी ८.४०
चाक भरायला घेतात. मोटर चाकाच्या हबमध्येच असते. २५० वॅट, छत्तीस व्होल्ट, आत गिअर असलेली. बिनागिअरची मोटर स्वस्त पडते आणि टिकतेही. पण तिच्यात चुंबकाची ओढ कायम राहते. बॅटरी संपली की तीच सायकल पायडलनं रेटताना जड जाते. गिअरच्या मोटरमध्ये आत फ्रीव्हील असतं, करंट बंद केला की चाक मोकळं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला अर्ध्या रस्त्यात बॅटरीनं दगा दिला तर त्याला घरी पोचता आलं पाहिजे. वहीच्या पानावरचा एक शब्द असा सातशे रुपयांना पडतो.

रिम छत्तीस भोकांची, छत्तीस आरे. मोटरचा हब मोठा, त्यामुळे आरे नेहमीपेक्षा आखूड लागतात आणि बारा गेजचे, म्हणजे जाड. या मापाचे तयार मिळत नाहीत. मिस्तरींनी लांब आरे कापून त्यांना पुन्हा आटे पाडलेत. छत्तीस वेळा. आऱ्याला आठ रुपये. साध्या चाकात एक आरा वाटेत दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडतो, तेव्हा चाक मजबूत होतं. इथं जागाच कमी, म्हणून एकच ओलांडणी. जास्त ओलांडायला गेलं तर आरा रिमच्या भोकात वाकडा शिरतो आणि महिन्याभरात तुटतो.

पोरगा आरे हबमध्ये टाकतो. मिस्तरी निपल चढवतात. पहिल्या फेरीत सगळे ढिले. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला मोजून तीन आटे. मग चाक स्टँडवर अडकवून फिरवतात आणि त्याचा आउट काढायला बसतात. रिमच्या अगदी जवळ खडू धरायचा. चाक जिथं उजवीकडे बाहेर आलंय तिथं खडू घासतो आणि पांढरी रेघ उठते. त्या जागी डावीकडचा आरा पाव आटा कसायचा, समोरचा पाव आटा सोडायचा. फिरवायचं. पुन्हा खडू.

"याले घाई चालत नाई," मिस्तरी पोराला सांगतात. "एकदम कसलं तं आउट इकडून निघते अन् तिकडं जाते."

रेघ आधी हातभर लांब होती. मग वीतभर. मग चार बोटं. मग खडू सगळीकडून सारखाच लागायला लागतो. ते बोटानं एकेक आरा छेडतात आणि आवाज ऐकतात. एक बद्द वाजतो. त्याला अर्धा आटा. हे काम हातानंच होतं, कानानंच तपासलं जातं, आणि या गल्लीत आता ते फक्त याच दुकानात होतं. बाकीचे तयार चाक आणून बसवतात.

सकाळी १०.१०
मोटरचा दांडा फ्रेमच्या चिमट्यात जात नाही. चिमटा १२० मिलिमीटर रुंद, मोटरला १३५ लागतात. एक लांब आटेदार सळई, दोन नट. नट बाहेरच्या बाजूला फिरवत नेले की फ्रेम हळूहळू फाकते. लोखंडी फ्रेम आहे म्हणून हे जमतं. अल्युमिनिअमची असती तर मिस्तरींनी हात लावला नसता. फाकवून झाल्यावर हँडलच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी ताणतात आणि दोन्ही बाजूंचं अंतर मोजतात. दोन मिलिमीटरचा फरक. डावी बाजू हातानं ओढून तो काढतात.

दांड्याच्या दोन बाजू चपट्या असतात. खाचेत त्या घट्ट बसायला हव्यात. कानस घेऊन पोरगा खाच घासतो, दर चार हातांनी दांडा लावून बघतो. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तितक्याच जोरानं दांड्याला उलटं पिळते. दांडा खाचेत फिरला तर वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निसटतं. म्हणून पाच मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा एक हात करायचा. एका टोकाला दांड्याच्या मापाचं चपटं भोक, दुसरं टोक फ्रेमला बोल्टनं आवळलेलं. पट्टी भंगारातली, ऐंशी रुपये. कापायला, भोक पाडायला, घासायला पाऊण तास.

तेवढ्यात एक आजोबा येतात. त्यांच्या हातात काळी मोठी सायकल आहे, जुन्या घडणीची. "यालेबी बसव नं बापा मोटर. किती होतीन?"

मिस्तरी सायकलभोवती एक फेरी मारतात. मग आजोबांना स्टुलावर बसवून नीट सांगतात. या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस आरे असतात, पुढच्याला बत्तीस. मोटरला छत्तीस भोकं. म्हणजे रिम नवी घ्यावी लागेल. तीही मिळेल. पण ब्रेक सळईचे आहेत, ते पायी चालल्यासारख्या वेगाला ठीक. पंचवीसच्या वेगाला ते गाडी थांबवणार नाहीत.

"आधी थांबाचं पाहू, काका. मंग पळाचं."

पायडलची कॉटर पिन ढिली होती, ती ठोकून देतात. वीस रुपये.

सकाळी ११.२०
आता वायरी. कंट्रोलरचा डबा सीटखाली. मोटरकडून तीन जाड वायरी येतात, पिवळी, हिरवी, निळी, आणि पाच बारीक. जाड वायरींतून ताकद जाते. बारीक वायरींतून चाक कुठपर्यंत फिरलं याची खबर कंट्रोलरला मिळते. रंगाला रंग जोडला की झालं, असं वाटतं. पण मोटर एका कारखान्याची, कंट्रोलर दुसऱ्याचा. रंग जुळले तरी चाक उलटं फिरू शकतं. मिस्तरी कच्चं जोडून थ्रॉटल अगदी थोडं पिळतात. मोटर घरघरते, थरथरते, फिरत नाही. लगेच बंद. दोन जाड वायरी अदलाबदल. पुन्हा थोडं पिळणं. चाक सरळ आणि गुपचूप फिरायला लागतं. पोराच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही. मिस्तरी त्याच्याकडे सोल्डर गन देतात. बाकीचे जोड आता त्याने करायचे.

पायडलपाशी एक चुंबकाची चकती बसते. पायडल फिरलं की मोटर मदतीला येते. पण उभ्या सायकलला पहिला रेटा पायानंच द्यावा लागतो आणि गुडघा दुखतो तो तिथंच. म्हणून उजव्या मुठीत थ्रॉटलही दिलंय. सिग्नल सुटला की थ्रॉटल, चार हात पुढं गेल्यावर पायडल.

बारा वाजून पाच मिनिटांनी चार्जरचा दिवा हिरवा होतो. मल्टीमीटर ४३.८ दाखवतो. चार्जर काढून ठेवतात.

दुपारी १२.४५
शटर खाली. बाहेर चव्वेचाळीस अंश असावेत. २०२४ साली मेच्या शेवटच्या आठवड्यात इथं उष्म्यापायी जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं होतं. त्या वर्षीपासून मिस्तरींनी उन्हाळ्याचं दुकान दोन पाळ्यांत केलं. दुपारचं गिऱ्हाईक तसंही कोणी येत नाही.

मी त्यांच्या घरी जेवायला. ज्वारीची भाकर, बेसन, कांदा, ताक. कूलरसमोर बसून ते पहिली सायकल आठवतात. तेव्हा लिथियम परवडत नव्हतं. शिशाच्या तीन बॅटऱ्या कॅरिअरवर बांधल्या होत्या, बारा किलोच्या. सायकल मागून इतकी जड की स्टँड वाकला. वर्षभरात बॅटऱ्या फुगल्या.

शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या गाड्यांचं आपल्या राज्यात फार आधी काम झालंय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी सायकलरिक्षा सुधारून तिला मोटर बसवली, आणि पूर्ण बॅटरीवर चालणारी 'एलेक्शा'ही केली. रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत, म्हणून एका तालुक्याच्या गावात बसून केलेलं ते काम. मिस्तरींनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगतो तेव्हा ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबतात आणि विचारतात, "मोटर किती वॅटची होती त्याइची?"

दुपारी ४.४५
दुकान उघडतं. लोखंडी शटरला हात लावता येत नाही, फडक्यानं धरून उघडतात.

फॅब्रिकेशनवाल्याकडून बॅटरीचा डबा आलाय. पत्र्याचा, फ्रेमच्या त्रिकोणात बसेल असा. सहाशे रुपये. काळा रंग मिस्तरींनी नको सांगितला होता. पांढरा आहे. काळा पत्रा उन्हात जास्त तापतो. आत चारी बाजूंनी फोम लावतात, कारण रस्ता खराब आहे आणि बॅटरी डब्यात आपटली तर निकेलच्या पट्ट्या सुटतात. खालच्या बाजूला दोन भोकं, पावसाचं पाणी शिरलंच तर निघून जायला.

पुढं-मागं नवे ब्रेक. दोन्ही लिव्हरमध्ये एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटरचा करंट तुटतो. मिस्तरी थ्रॉटल पिळून धरतात आणि ब्रेकला नुसतं बोट लावतात. चाक सुटं पडतं. दोन्ही बाजूंनी, तीन-तीनदा.

एक तरुण मोबाइल पुढं करून दाखवतो. साडेसातशे वॅट, पंचेचाळीसचा स्पीड. "असं पाह्यजे."

"हे मी नाई करत, दादा."

"पैसे देतो नं."

नियम असा आहे : मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती गाडी मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स नको, नंबर नको. त्यावर गेलं की ती मोटरसायकलच, आणि मग सगळे कागद लागतात. पण मिस्तरी नियम शेवटी सांगतात. आधी ते त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क हातानं हलवून दाखवतात. फोर्क खडखडतो.

"हे पंचेचाळीसले काय होईन, तूच सांग."

तो तरुण काही सांगत नाही. सायकल घेऊन जातो. तीन हजारांची मजुरी गेली.

संध्याकाळी ६.२०
चाचणी. अकोल्यात चढ कुठंय? गाव सपाट. म्हणून उड्डाणपूल. अग्रसेन चौकाकडून जेल चौकाकडे जाणाऱ्या पुलाचा चढ मिस्तरींना परीक्षेसाठी पुरतो. ते पुढं, मी मागं पोराच्या मोपेडवर.

सपाटीवर छोट्या पडद्यावर २४ दिसतात. चढाला पायडल थांबवून नुसत्या थ्रॉटलवर, १५. मग पायडल सुरू, १९, २०. मधोमध ते मुद्दाम थांबतात. उभ्या चढावर पुन्हा सुरुवात करायची, हीच खरी परीक्षा. थ्रॉटल. सायकल अडखळत नाही. माथ्यावर उतरून मोटरवर तळहात ठेवतात. गरम आहे, पण हात ठेवता येतो. डब्याला हात लावतात. वायरींच्या प्रत्येक जोडाला हात लावतात. एक जोड इतरांपेक्षा कोमट लागतो.

"हा तुह्या हातचा," ते पोराला म्हणतात. "आत सोल्डर उतरलं नाई. जाऊन पुन्हा कर."

परत आल्यावर पोरगा काळी पट्टी सोडून तो जोड उघडतो. खरंच, सोल्डर वरवर बसलंय. पुन्हा करतो. दांड्याचे नट चाचणीनंतर पुन्हा आवळतात. पाव फेरा फिरतात.

रात्री ७.४०
दालमिलवाले भाऊ पाळी संपवून आलेत. शर्टावर दाळीची भुकटी तशीच. सायकलकडे बघत थोडा वेळ नुसते उभे राहतात. मग हँडलवरचं आपल्या पोराच्या नावाचं स्टिकर अंगठ्यानं पुसतात. मिस्तरींनी ते काढलेलं नाही.

सीटची उंची त्यांना बसवून ठरते. पाय खाली पूर्ण गेल्यावर गुडघा किंचितच वाकला पाहिजे. दीड इंच वर घेतात. मग गल्लीत तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत थ्रॉटल एकदम पिळतात आणि दचकतात. तिसऱ्या फेरीत हसतात.

मिस्तरी सांगतात, भाऊ ऐकतात. "चार्जर हाच वापरजा, दुसरा कोणताच लावजा नोका. उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंगले लावजा नोका, अर्धा घंटा थंडी होऊ द्या. रातभर लावून झोपू नोका. जिन्याखाली चप्पल, गोणपाट, रॉकेल काही ठेवजा नोका. पाण्यातून काढाची नाई. महिन्यानं आणजा, आरे कसून देतो. पैसे नाई त्याचे."

पायडल मारत गेलं तर एका चार्जमध्ये पस्तीसच्या आसपास किलोमीटर, नुसत्या थ्रॉटलवर पंचवीस. जाऊन-येऊन अठरा लागतात. पूर्ण चार्जिंगला अर्धं युनिट वीज.

मग कागद. मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल, लिव्हर यांचं किट ७५००. सेल १९०प्रमाणे चोवीस, ४५६०. बीएमएस ९००. निकेल, जाळ्या, पिशवी, वायर ७००. चार्जर १३००. डबा ६००. रिम ४५०. आरे २८८. ब्रेक ६५०. लोखंडी हात ८०. मजुरी ३०००. बेरीज वीस हजार अठ्ठावीस. वरचे अठ्ठावीस सोडले.

भाऊंनी हिशोब आधीच मांडून ठेवलाय. महिन्याचे सव्वीस दिवस, साठ रुपये, पंधराशे साठ. "तेरा महिन्यांत फिटते," ते म्हणतात. पाच हजार आगाऊ दिलेले होते, दहा आज रोख, पाच पुढच्या पगाराला. मिस्तरी वहीत लिहितात. सही घेत नाहीत.

रात्री ९.१०
शटर लावायच्या आधी मिस्तरी दिवसाचं लिहितात. पंक्चर, कॉटर आणि किरकोळ मिळून एकशे ऐंशी जमा. पोराचे तीनशे, चहाचे साठ खर्च. दुकानाचं भाडं महिन्याला साडेचार हजार, म्हणजे रोजचे दीडशे. सायकलच्या तीन हजार मजुरीत अडीच दिवस गेलेत : एक दिवस सामान मागवणं-आणणं, एक रात्र सेल मोजणं, आणि आजचा सगळा दिवस. त्यातले तीनशे ते पत्र्याच्या डब्यात वेगळे टाकतात. बॅटरीची वर्षभराची हमी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आहे. सेल गेला तर पैसे या डब्यातून. उन्हाळ्यात अशा दोन सायकली होतात महिन्याला, पावसाळ्यात एखादी.

तीन हजार ही मजुरी कमी आहे. मी तसं त्यांना म्हणालोही. पाच घेतले असते तरी गिऱ्हाइकाचे पैसे पंधरा महिन्यांत फिटले असते. ते म्हणाले, पाच सांगितले तर माणूस दारातूनच परत जाईल. तुम्ही अशी सायकल करून घ्यायला गेलात तर सेल कोणत्या जातीचे ते विचारा, बीएमएस दाखवायला सांगा, चढावर ब्रेक दाबून पाहा. मजुरीत घासाघीस करू नका.